एकच चिप, चार किमती: कंपन्या प्रोसेसर मुद्दाम हळू करून विकतात का?

सांगलीकर_काका
नमस्कार मंडळी. लेकीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षासाठी पीसी असेंबल करून द्यायचाय, त्यासाठी आठवडाभर दुकानं आणि युट्यूब पालथं घालतोय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. काल दुकानातला पोरगा सहज बोलून गेला की काका, आय५, आय७, आय९ हे इंटेलचे स्वस्त ते महाग प्रोसेसर सगळे एकाच चकतीतून निघतात, काही भाग बंद करतात, स्पीड बांधतात आणि स्वस्तात विकतात. मला वाटलं फेकतोय. घरी येऊन लेकीला विचारलं तर ती म्हणे हो बाबा, त्याला बिनिंग म्हणतात, आणि पूर्वी लोक स्वस्तातला घेऊन त्याचा स्पीड वाढवून महागातल्यासारखा वापरायचे.

मी उभा जन्म हिशेबाच्या वह्यांत घालवला, आता निवृत्त आहे. मला हे पचत नाहीये. माल तोच, खर्च तोच, मग त्याला लंगडा करून कमी भावात विकायचं कशाला? पळू शकतो तर पळणारा म्हणून विका. आणि लंगडा करूनही परवडत असेल तर महागातला घेणाऱ्याला तुम्ही लुटताय असंच झालं ना? जाणकारांनी प्रकाश टाकावा. शेवटी मी घेऊ काय तेही सांगा, सगळं मिळून बजेट साठ हजार.

गोट्या_बारामती
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

फडतूस_फॅन
शाळेत बाई आईला माझ्याबद्दल हेच सांगायच्या, "क्षमता आहे हो, पण वापरत नाही." म्हणजे मी इतकी वर्षं बिनिंग झालेला आय९ होतो तर. आज घरी सांगतो.

लॅमिंग्टनवासी
काका, लेकीने सांगितलेली गोष्ट म्हणजे आमची तरुणाई हो!! १९९८ च्या ऑगस्टात इंटेलने सेलेरॉन ३००ए काढला, किंमत १४९ डॉलर. त्याच सुमारास पेंटियम टू ४५० आला, तो ६६९ डॉलर. आता गंमत बघा. प्रोसेसरचा स्पीड म्हणजे बोर्डाचा ठोका (बस) गुणिले एक ठरलेला आकडा (मल्टिप्लायर). ३००ए चा मल्टिप्लायर साडेचारला बांधलेला, पण बस ६६ मेगाहर्ट्झची, म्हणून ३००. बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर बस १०० ला नेली की साडेचार गुणिले शंभर, सरळ ४५०. ना सोल्डरिंग ना काही. ज्यांच्या बोर्डात बस बदलायची सोय नव्हती ते प्रोसेसरच्या कार्डावरच्या बी२१ पिनेवर सेलोटेपचा बारीक तुकडा चिकटवायचे नाहीतर नेलपॉलिश लावायचे, की बोर्डाला वाटायचं आलेला पाहुणा १०० वालाच आहे. मी ताईची नेलपॉलिश वापरली होती, अख्खी बाटली सांडली, ती अजून विसरलेली नाही.

वर त्या सेलेरॉनची १२८ केबी कॅश (हाताशी ठेवलेली छोटी मेमरी) चिपवरच आणि पूर्ण स्पीडला पळणारी, पेंटियम टूची ५१२ केबी पण अर्ध्या स्पीडची. त्यामुळे बऱ्याच गेम्समध्ये हा स्वस्तातला गडी थोरल्या भावाच्या खांद्याला खांदा लावून धावायचा. आमच्या ग्रुपमध्ये सहा जणांनी घेतला, पाच जणांचा ४५० ला चालला. आता मला सांगा, सहातले पाच चालतात तर कंपनीला माहीत नव्हतं? माहीत होतं. तरी ३०० लिहून विकला. आमची काही तक्रार नाही म्हणा, आमची चंगळ झाली.

सांगलीकर_काका
बघा म्हणजे माझंच खरं निघालं. धन्स लॅमिंग्टनवासी.

वेफरवाला
काका, इतक्यात निकाल नका लावू. मी बेंगळुरूला चिप टेस्टिंगमध्येच आहे (कंपनीचं नाव विचारू नका), त्यामुळे थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

चकती म्हणजे वेफर, ३०० मिलिमीटर व्यासाची. एक चिप २०० चौरस मिमीची धरली तर एका चकतीत कडेच्या फुकट जाणाऱ्या सोडून तीनशेच्या आसपास बसतात. सगळ्यांचं डिझाइन एक, मास्क (छापायचा साचा) एक, भट्टी एक. तरी एकसारखी कुठलीच निघत नाही. कुठे थर एखाद्या अणूने जाड, कुठे रेघ जराशी रुंद, कुठे धुळीचा कण. एका चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर, आणि चिपचा स्पीड ठरतो तो सगळ्यात हळू वाटेवरून. दिंडी कशी, तरणी पोरं कितीही पुढे पळोत, मुक्कामी पोचणार ती शेवटच्या म्हाताऱ्या माउलीच्या वेगाने. तसं.

आता टेस्टिंग. तुम्हाला वाटत असेल आम्ही प्रत्येक चिपला पळवून पळवून तिचा सर्वात जास्त स्पीड मोजतो आणि मग त्यातला थोडा कापून विकतो. असं नसतं. टेस्टरवरचा एकेक सेकंद पैसे खातो. आम्ही एवढंच विचारतो, ही चिप अमुक व्होल्टेजला, तापलेल्या अवस्थेत, ४.४ गिगाहर्ट्झला पास होते का? हो? पुढे चला. ती ५ ला पास झाली असती का हे बऱ्याचदा कुणी विचारलेलंच नसतं. पस्तीस मार्कांचा पेपर ठेवला आणि पोरगं पास झालं, त्याला नव्वद पडले असते का हे कुणाला ठाऊक?

आणि पास म्हणजे घासून पास चालत नाही. त्यावर गार्डबँड, म्हणजे राखून ठेवलेली जादा सूट, असतो. वीज क्षणभर खाली बसते तेव्हा चाललं पाहिजे, केबिनेटमध्ये धूळ साठून पंखा घरघरायला लागला तरी चाललं पाहिजे, आणि ट्रान्झिस्टर म्हातारे होतात हो, वापरून वापरून मंदावतात, तर काही वर्षांनी पण त्याच स्पीडला चाललं पाहिजे. लॅमिंग्टनवासींच्या भाषेत चालला म्हणजे रात्रभर गेम खेळलो, हँग नाही झाला. आमच्या भाषेत चालला म्हणजे लाखो गिऱ्हाइकांकडे वर्षानुवर्षं एकही बेरीज चुकली नाही. काका तुम्ही हिशेबातले, तुम्हाला सांगायला नको. मशीन बंद पडलं तर निदान कळतं. गुपचूप एक आकडा चुकीचा लिहिला तर ताळेबंद जुळवत बसा.

लॅमिंग्टनवासी
ते सगळं मान्य वेफरवाले. पण ३०० आणि ४५० मध्ये दीडपट फरक आहे. तुमचा गार्डबँड आहे का गणपतीचा मांडव?

वेफरवाला
हाहाहा. नाही, तिथे तुमचं बरोबर आहे. ३००ए आणि पेंटियम टू ४५० दोन्ही ०.२५ मायक्रॉनच्या प्रोसेसवरच (म्हणजे तेवढ्याच बारीक रेघांनी) बनत होते. प्रोसेस मुरली की जवळजवळ सगळा माल वरच्या दर्जाचा निघतो, पण बाजाराला वरच्या दर्जाचा थोडा आणि स्वस्तातला ढीगभर हवा असतो. मग चांगल्यावरच खालचं लेबल लावून पाठवतात. चिपा पारखून वेगळ्या करणं हे इंजिनिअरिंग, चांगल्यावर खालचं लेबल लावणं हा धंदा. लोक दोन्हीला बिनिंगच म्हणतात, म्हणून भांडण मिटत नाही.

देवगडचा_आंबेवाला
चिपमधलं काय कळत नाय पण हे वाचून हसायला आलं, कारण आमच्याकडे दर वर्षी हेच चालतं. एकाच झाडाचा आंबा, एकाच दिवशी काढलेला. वजनावर वेगळा करायचा. चार डझनाची पेटी म्हणजे मोठं फळ, पाच डझनाची मध्यम, सहा डझनाची बारीक. चव तीच, भाव वेगळा. डाग पडला, बाजूला. आणि तुमच्या त्या गुपचूप चुकणाऱ्या चिपसारखा आमच्यात साका असतो, वरून फळ सोन्यासारखं, कापल्यावर कळतं आत पांढरं निबर. तो वाशीला पोचून गिऱ्हाइकाच्या सुरीखाली सापडला की आमची इज्जत गेली.

आणि मे अखेरीला बाजार पडला की चांगला आंबा पण किलोवर कॅनिंगला घालतो. नाइलाज. त्या डब्यातला रस खाणाऱ्याला पत्ता नसतो की तो पेटीतला राजा खातोय.

सांगलीकर_काका
आंबेवाले दाखला फार आवडला. पण तुम्ही मोठ्या आंब्याला सुरी लावून बारीक करून सहा डझनाच्या पेटीत नाही ना भरत? कॅनिंगला घालता तो भाव पडला म्हणून. हे लोक भाव पडू नये म्हणून सुरी लावतायत. माझा आक्षेप सुरीला आहे.

देवगडचा_आंबेवाला
हां, ता मात्र खरा. आमी सुरी नाय लावत.

अर्थाचा_अनर्थ
काकांनी नेमकं बोट ठेवलंय. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, या प्रकाराला आमच्यात मुद्दाम बिघडवलेला माल असंच म्हणतात, आणि वर्गात मी पहिलं उदाहरण देते ते चिपचंच. १९९१ मध्ये इंटेलने ४८६एसएक्स काढला. तो म्हणजे ४८६डीएक्सच, फक्त गणित करणारा भाग बंद केलेला. आता ज्याला नंतर गणिताचा भाग हवा त्याने ४८७एसएक्स नावाची जोडचिप घ्यायची. ती जोडचिप म्हणजे काय, तर अख्खा ४८६डीएक्स! सॉकेटमध्ये बसला की शेजारच्या जुन्याला गप्प बसवायचा आणि सगळं काम स्वतः करायचा.

त्याहून भारी आयबीएमचा १९९० चा लेसर प्रिंटर. मूळ मॉडेल मिनिटाला १० पानं काढायचं, स्वस्तातलं ई मॉडेल ५. यंत्र तेच. ई मध्ये कंट्रोलरमध्ये थांबायला लावणारी सोय जादा घातली होती. म्हणजे हळू करायला उलट खर्च वाढला.

गोट्या_बारामती
जास्त पैसे घालून हळू केला?? हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आमच्या ग्रामपंचायतीने बनवला असणार तो प्रिंटर.

अर्थाचा_अनर्थ
हसा, पण यामागे तर्क आहे. १८४९ मध्ये ज्यूल द्युप्वी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल लिहून ठेवलंय. तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना काही ठिकाणी छप्परच नसायचं. तो म्हणतो छपराला लागतात किती पैसे, ते वाचवायचा प्रश्नच नाही. गरिबाला भिजवण्यातही कंपनीला रस नाही. दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडणारा माणूस तिसऱ्यात येऊन बसू नये म्हणून छप्पर काढलंय. काकांची सुरी ती हीच.

आता काका तुम्ही हिशेबातले म्हणून विचारते. चिपचा खरा खर्च संशोधनात, फॅक्टरीत आणि मास्कमध्ये. तो एकदाच, पण हजारो कोटींत. एक चिप जादा काढायला त्यामानाने किरकोळ. तो मोठा खर्च कुणाकडून वसूल करणार? सगळ्यांना एकच भाव लावला तर तो साठ हजाराच्या बजेटवाल्याला झेपणार नाही, आणि लेकीचा पीसी राहील कागदावर. आय९ वाला जादा भरतो म्हणून आय५ स्वस्त पडतो. सुरी वाईट दिसते पण तिने स्वस्तातली पेटी बाजारात तरी येते.

सांगलीकर_काका
बाई, युक्तिवाद बिनतोड आहे, पण तो दुकानदार एकटाच असेल तेव्हा जादा खरा. समोर दुसरं दुकान असेल तर तो सुरी न लावता त्याच भावात देईल आणि पहिल्याला झक मारत सुरी ठेवून द्यावी लागेल.

कोअर_कमिटी
काकांना +१००. इतिहास हेच सांगतो. इंटेलचा कोअर टू क्वाड क्यू६६०० आला जानेवारी २००७ ला, चार कोर (एकाच चिपमध्ये काम करणारे चार मेंदू म्हणा). आय७-७७००के आला जानेवारी २०१७ ला, किती कोर? चार. दहा वर्षं आपल्यासारख्यांच्या नशिबी चारच. मग मार्च २०१७ ला इंटेलची स्पर्धक एएमडी, तिचा रायझन आला आठ कोर घेऊन, आणि त्याच ऑक्टोबरात इंटेलच्या ८७००के मध्ये सहा झाले. सहा महिन्यांत दोन कोर उगवले? पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसे?

वेफरवाला
सहा महिन्यांत चिप बनत नाही हो, सहा कोरचं डिझाइन आधीच चालू असणार. पण बाहेर काढायची घाई स्पर्धेने होते एवढं मान्य.

डिझेल_डोकं
गाड्यांत पण हेच. फियाटचं १.३ डिझेल इंजिन, एका गाडीत ७५ हॉर्सपॉवर आणि दुसरीत ९०. इंजिन तेच, कंपनी ७५ वाल्याला सॉफ्टवेअरने बांधून ठेवते.

गॅरेजवाली_ताई
दादा, अर्धवट माहिती. ९० वाल्यात व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो असतो, ७५ वाल्यात साधा. निम्मा फरक लोखंडात आहे, नुसता सॉफ्टवेअरचा नाही. उगाच लोक रिमॅप करून (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून) आणतात आणि क्लच जाळून माझ्याकडे येतात.

तुम्हाला खरं उदाहरण हवं तर टेस्लाचं घ्या. त्यांनी ७५ किलोवॅट तासांची बॅटरी बसवून काही गाड्या ६० आणि ७० च्या म्हणून विकल्या होत्या, बाकीची सॉफ्टवेअरने बंद. २०१७ च्या सप्टेंबरात फ्लोरिडात इर्मा चक्रीवादळ आलं तेव्हा लोकांना पळून जाता यावं म्हणून कंपनीने लांबूनच ती बंद बॅटरी काही दिवसांसाठी उघडून दिली. चांगलंच केलं. पण तेव्हा कितीतरी जणांना पहिल्यांदा कळलं की आपण इतके दिवस बंद खोली घेऊन फिरतोय.

डिझेल_डोकं
टर्बोचं माहीत नव्हतं. चूक मान्य ताई. _/\_

खोडसाळ_पेशवा
बंद खोलीवरून आठवलं, इंटेलने २०१० मध्ये चक्क रिचार्ज कार्ड काढलं होतं. पेंटियम जी६९५१ घ्यायचा, मग ५० डॉलरचं कार्ड घ्यायचं, त्यातला कोड टाकला की १ एमबी कॅश आणि हायपरथ्रेडिंग (एका कोरकडून दोघांचं काम) सुरू. लोकांनी इतकी खिल्ली उडवली की पुढच्या वर्षी बंद केलं. नंतर सर्व्हरच्या झिऑन प्रोसेसरमध्ये पैसे भरून फीचर उघडायची तसलीच योजना आणली, यावेळी कुणी हसलं नाही, कारण बिल ऑफिस भरतं.

लॅमिंग्टनवासी
बंद खोल्या फुकट उघडायचे दिवस पण आम्ही पाहिलेत. २००९-१० च्या सुमाराला एएमडीचे फेनॉम टू दोन आणि तीन कोरवाले मिळायचे, आत चारच असायचे. बायॉसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) अ‍ॅडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन नावाचा ऑप्शन चालू केला की नशीब असेल तर उरलेले कोर जागे. त्याआधी २००० साली अ‍ॅथलॉन आणि ड्यूरॉनवर तांब्याचे बारीक पूल असायचे, ते शिसपेन्सिलीने जोडले की मल्टिप्लायर मोकळा. पेन्सिलीने! दोन रुपयांच्या!

मध्यमवर्गीय_मन्या
नशीब असेल तर, हे महत्त्वाचं. मी पण असा एक चौथा कोर उघडला होता. विंडोज आलं, गेम चालला, आठवडाभर मिशीला पीळ देऊन फिरलो. मग बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ एन्कोड करायला लावला तर बरोबर सप्तपदीच्या मध्ये हिरवे चौकोन. तीनदा केलं, दर वेळी वेगळ्या पावलाला. चौथा कोर बंद केला, सातही पावलं नीट पडली. म्हणजे फॅक्टरीने तो काहीतरी बघूनच बंद केला होता, आणि मी दीडशहाणा.

वेफरवाला
मन्या, हेच. बंद केलेला प्रत्येक कोर सुरीवाला नसतो, काही खरंच डागी असतात. आणि बाहेरून तुम्हाला दोन्ही सारखेच दिसतात. प्लेस्टेशन ३ च्या सेल चिपमध्ये आठ छोटे कोर होते, सोनीने डिझाइनमध्येच ठरवलं की सात चालले तरी पास. आठच्या आठ हवेत म्हटलं असतं तर कितीतरी चिपा कचऱ्यात गेल्या असत्या आणि गेमिंगचा डबा आणखी महाग झाला असता. २०२० च्या एम१ मॅकबुक एअरमध्ये पण स्वस्तातल्याला जीपीयूचे (ग्राफिक्सच्या भागाचे) सात कोर, महागातल्याला आठ. आमच्या धंद्यात याला पदरचं धान्य फुकट न घालवणं म्हणतात.

नागपुरी_तडका
तुमी लोक एक गोष्ट विसरून रायले राजेहो. उष्णता! आमच्या इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, कूलरसमोर बसून पण माणूस हँग होते तर प्रोसेसरचं काय घेऊन बसले. प्रोसेसरले वीज लागते व्होल्टेजच्या वर्गावर आणि स्पीडच्या पटीत. स्पीड १० टक्के वाढवाले व्होल्टेज १० टक्के वाढवलं तर १.१ चा घन, म्हणजे ३३ टक्के वीज जादा. धा टक्क्यांसाठी ३३ टक्के! आय५-१२४०० टर्बोत (पूर्ण जोर लावला की) ११७ वॅटपर्यंत जाते, आय९-१२९००के २४१ वॅटपर्यंत. तो नुसता प्रोसेसर नोय, शेगडी होय. कंपनीनं हळू विकला तर उपकारच केला म्हना.

कोअर_कमिटी
याच्यावरून एक आठवलं. कंपनी हळू विकते म्हणून आपण ओरडतोय, पण क्षमतेच्या वर विकला तर काय होतं त्याचे दाखले आहेत की. २००० च्या मार्चमध्ये एएमडीने १ गिगाहर्ट्झ आधी गाठला, इंटेल दोन दिवसांनी. त्या शर्यतीच्या नादात इंटेलने पेंटियम थ्री १.१३ गिगाहर्ट्झ काढला. हार्डवेअरची परीक्षणं लिहिणाऱ्यांच्या हातात तो लिनक्सची कर्नल (त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) धड कंपाइल करेना. ऑगस्टमध्ये सगळे परत मागवले.

आणि अगदी परवाचं, १३ व्या आणि १४ व्या पिढीचे मोठे प्रोसेसर क्रॅश व्हायला लागले. आय९-१४९००के म्हणजे बॉक्समधूनच ६ गिगाहर्ट्झ. २०२४ मध्ये इंटेलने कबूल केलं की चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती, त्याने ती झिजायची. मायक्रोकोड (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट दिले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. वेफरवाल्यांचा म्हातारपणाचा मुद्दा.

वेफरवाला
हो. आणि काकांच्या मूळ प्रश्नाचं आजचं उत्तर यातच आहे. ३००ए चा जमाना गेला. तेव्हा दीडपट पडून असायचं. २०११ च्या आय५-२५००के पर्यंत सुद्धा ३.३ चा गडी चांगला कूलर लावून ४.५ ला आरामात जायचा. आता प्रत्येक चिप स्वतःच तापमान, व्होल्टेज बघून क्षणाक्षणाला जमेल तेवढी पळते. रायझन तर बहुतेक सगळे मोकळेच विकतात, तरी लोकांच्या हाताला फार काही लागत नाही. मलई कंपनीच काढून घेते हल्ली.

फडतूस_फॅन
मला पण दीडपट पळायचंय. काय घालावं लागेल?

खोडसाळ_पेशवा
द्रव हेलियम. २०११ मध्ये एएमडीचा एफएक्स-८१५० त्यात बुडवून ८.४२९ गिगाहर्ट्झला नेला होता, गिनीज रेकॉर्ड होतं ते. तुला टबात बसवू.

हिशेबी_हेमा
एक शंका. स्पीड बांधतातच कशाला, म्हणजे कुलूप का लावतात? ३०० लिहून विका, वॉरंटी ३०० चीच द्या, पुढे कुणी ४५० ला नेलं तर त्याचं नशीब. कुलूप लावलं म्हणजे मनात काहीतरी आहेच.

लॅमिंग्टनवासी
हेमाताई, रिमार्किंग. नव्वदच्या दशकात प्रोसेसरवरचा आकडा घासून वरचा आकडा छापून विकणारे महाभाग होते. मी स्वतः एकदा फसलोय, उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार हँग होणारा प्रोसेसर, वर्षभर माझं मलाच कळेना की हा असा का वागतो. नंतर ओळखीच्या एकाने भिंग लावून दाखवलं, अक्षरं जराशी तिरकी.

देवगडचा_आंबेवाला
म्हणजे कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालून विकतात तसा!! आमी २०१८ मध्ये जीआय मानांकन घेतलं ते त्याच्यासाठीच. आता बोला कुलूप बरोबर की चूक.

हिशेबी_हेमा
आंब्याच्या पेटीला कुलूप लावल्याने पेटी उघडायचे जादा पैसे नाही मागत तुम्ही. इंटेल तर किल्लीवाला, तो के अक्षरवाला, महाग विकते, वर त्याला महाग झेडवाला बोर्डच लागतो. चोराची भीती खरी असेल, पण त्या निमित्ताने किल्लीचं दुकान पण थाटलं.

अर्थाचा_अनर्थ
हेमा, तू माझ्या वर्गात ये.

पुणेरी_पाटी
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

सांगलीकर_काका
मंडळी, एवढ्या चर्चेनंतर मत थोडं बदललंय, पूर्ण नाही. वेफरवाल्यांचा पस्तीस मार्कांचा मुद्दा पटला, डब्यावरचा आकडा हे वचन आहे, मोजमाप नाही. मन्याच्या सप्तपदीचाही पटला. पण सुरी ती सुरीच, ती मी विसरणार नाही. आता साठ हजाराचं बोला. ती कोडिंग करते, थोडं व्हिडिओ एडिटिंग, ग्राफिक कार्ड सध्या तरी नाही.

वेफरवाला
आय५-१२४००, बी६६० बोर्ड, १६ जीबी रॅम, चांगली एसएसडी. के वाला नको, तुम्हाला किल्लीची गरज नाही. आणि गंमत सांगतो, हा १२४०० दोन जातींचा येतो. काही मुळातच सहा कोरच्या लहान चिपवर बनलेले, काही आय९ वाल्या मोठ्या चिपमधले दोन मोठे आणि सगळे छोटे कोर बंद केलेले. खोक्यावर नाव एकच. पहिल्या जातीचा निघाला तर तुमच्या सुरीचा प्रश्नच मिटला, छोटं फळ ते छोटंच.

कोअर_कमिटी
आणि शेपटीला एफ असलेला घेऊ नका, १२४००एफ. त्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं, कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही. शेकडो मुलं दोन पैसे वाचवायला घेतात आणि मग काळा पडदा बघत बसतात.

गोट्या_बारामती
तो पण डागी आंबाच का?

देवगडचा_आंबेवाला
बाळा, डागी नाय म्हणायचं. "सेकंड क्वालिटी".

सांगलीकर_काका
(नऊ दिवसांनी)
धागा वर काढतोय, कळवायचं राहिलं होतं. १२४००च घेतला, बिनएफचा. लेकीने स्वतः जोडला, मी फक्त टॉर्च धरला. कुठल्या जातीचा निघाला ते तिने सॉफ्टवेअरवर बघितलं, मोठ्या चिपमधला, कोर बंद केलेलाच आलाय. म्हणजे सुरी माझ्याच घरात.

पण खरी गंमत पुढे. रॅमच्या पाकिटावर लिहिलंय ३२००. लेकीने बघितलं तर चालतेय २६६६ वर. मी लगेच फोन लावून दुकानदाराला चार शब्द सुनावले की इथे पण हळू करून विकता का. तो शांतपणे म्हणाला, काका, बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमला पाकिटावरचा स्पीड देणारी सेटिंग) चालू करा, तुमच्याकडूनच बंद राहिलंय.

लॅमिंग्टनवासी
हहपुवा!! दुकानदाराला सॉरी म्हणालात का पण?

सांगलीकर_काका
लेकीने म्हटलं माझ्या वतीने.